एकतिसावा व्यत्यय

अकरा सेकंदांवर नऊ पानं लिहिता येतात, हे अपेक्षाला पीएच.डी.ला नाव नोंदवल्यावरच कळलं. नुसती लिहिता येतात असं नाही, त्यांचं कौतुकही होतं. भंडाऱ्याच्या चर्चासत्राच्या पत्रिकेत ती बीजभाषणाच्या खालोखाल छापली जातात. आणि तीन वर्षांत एकदाही धड न हसलेल्या तिच्या मार्गदर्शक राखी मॅडम चष्मा काढून म्हणतात, "आता तुझ्या प्रबंधाला कणा आला."

ते अकरा सेकंद धुरपताबाईंच्या गप्प बसण्याचे होते.

भंडारा जिल्ह्यात करडीच्या पलीकडे, तलावाकाठच्या एका गावात, पंचेचाळीस वर्षांपूर्वी भाताच्या ऐन रोवणीत बायकांनी काम बंद पाडलं होतं. तान्ही पोरं धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, टाकून बाया दिवसभर बांधीच्या, भातखाचराच्या चिखलात वाकलेल्या असायच्या. पोर रडून रडून निळं झालं तरी ओळ सोडून वर यायची मुभा नव्हती. एक दिवस एक पोर धुऱ्यावरून घरंगळून पाण्यात पडलं. नशिबानं वाचलं, पण दुसऱ्या दिवशी एकही बाई बांधीत उतरली नाही. तीन दिवस उपटलेले परहे, म्हणजे भाताची रोपं, पेंढ्या बांधून तसेच सुकत पडले. चौथ्या दिवशी दुपारी पाजायची सुट्टी मिळाली, ती आजतागायत आहे. याची कुठल्या वर्तमानपत्रात ओळ नाही, कुठल्या ग्रंथात नोंद नाही. अपेक्षाचा प्रबंध त्यावर होता.

संप ज्यांनी घडवला त्या धुरपताबाई, असं सगळं गाव सांगायचं. अपेक्षा त्यांच्या घरी गेली आणि तिथं ओसरीवर तिला भेटले त्यांचे यजमान, लक्ष्मणराव. त्या काळात ते पाटलाच्या शेतीवर देखरेखीला असायचे. आवाज खणखणीत, तारखा तोंडपाठ. अडीच तास बोलले. धुरपताबाई आत चुलीपाशी होत्या. चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा अपेक्षानं त्यांना विचारलं, "आजी, त्या काळात स्त्री म्हणून व्यक्त होण्याचा अवकाश आपल्याला होता का?"

खरं तर ही पोरगी त्याच भागातल्या नाकाडोंगरीची. घरी मले-तुले बोलणारी. पण रेकॉर्डर चालू झाला की तिच्या तोंडात कुठून ग्रंथालय शिरायचं देव जाणे. धुरपताबाईंनी तिच्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं. अकरा सेकंद. मग लक्ष्मणराव म्हणाले, "तिले काही आठवत नाही. मी सांगतो ना."

याच अकरा सेकंदांचा पुढे 'मौनाची भाषा' नावाचा शोधनिबंध झाला. दडपलेलं मौन, प्रतिकाराचं मौन, वारशानं आलेलं मौन, असे त्याचे तीन भाग होते. लिहिताना अपेक्षाला स्वतःलाच भरून आलं होतं.

चर्चासत्राला पाच दिवस राहिले आणि निबंधसंग्रहाच्या संपादकांचा निरोप आला, ते मौन ध्वनिफितीत नेमकं कितव्या मिनिटाला आहे ते कळवा. दुपारी जेवण उरकून ती बसली. दोन वर्षांपूर्वी तिनं शब्दांकन केलं होतं ते लॅपटॉपच्या घरघरत्या स्पीकरवरून, घाईघाईत. आता कानात नवे इअरफोन होते. लक्ष्मणराव सांगत होते, "बुधवारची गोष्ट हाय," आणि त्यांच्या आवाजामागून, भांड्यांच्या खडखडाटातून, एक बारीक आवाज आला.

"गुरवार होता. बाजाराचा दिवस."

अपेक्षानं फीत थांबवली. शब्दांकन उघडलं. त्या जागी तिनं स्वतः टंकलं होतं: (व्यत्यय: घरातील आवाज). स्त्री अभ्यास केंद्राचा नियमच तसा होता. ज्याची मुलाखत आहे त्याच्याखेरीज कुणीही मध्ये बोललं की ते व्यत्यय म्हणून नोंदवायचं आणि पुढे जायचं. राखी मॅडमनी त्यासाठी पाच पानी सूचना काढल्या होत्या आणि अपेक्षानं त्या इमानेइतबारे पाळल्या होत्या.

तिनं 'व्यत्यय' हा शब्द शोधायला टाकला. एकतीस ठिकाणी निघाला.

मग ती एकेका जागी जाऊन ऐकत बसली. लक्ष्मणराव म्हणत होते, "पाटलानं मोठ्या मनानं सुट्टी देल्ली." आतून आवाज आला, "मोठ्या मनानं! तीन दिस परहे सुकले तवा मन मोठं झालं." ते म्हणाले, "बाया तं भोळ्या होत्या, कोनंतरी भडकवलं." आतून आलं, "कोनं नाही भडकवलं. मीच घरोघरी गेल्ती." ते म्हणाले, "मंग दुसऱ्या गावच्या बाया आल्या." आतून, जरा चढ्या आवाजात, "आल्या नाही, आणल्या. कोनं आणल्या ते बी सांगा." इथे लक्ष्मणराव खोकले होते आणि म्हणाले होते, "चहा आण वं." चहा येईपर्यंत पुन्हा आतून, "त्या बायाईले मी तलावाच्या पाळीवर आडवली. त्याईच्या बी कडेवर पोरंच होते." आणि यावर अपेक्षाचाच आवाज, गोड, अभ्यासू, "हं, तर आबाजी, पाटलांची भूमिका काय होती?"

तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. बाई अडीच तास बोलत होती. चुलीवरून, रांजणापाशी, दारातून बोलत होती. आणि हिनं त्या बाईच्या मौनावर नऊ पानं लिहिली, वर रडलीसुद्धा!

एकतिसावा व्यत्यय फितीच्या अगदी शेवटी होता. लक्ष्मणराव पान लावायला आत गेले होते. जवळून, अगदी कानाशी, धुरपताबाईंचा आवाज आला, "हे बंद कर पोरी, मंग सांगीन." त्यावर खट्‌ असा आवाज. फीत संपली.

अपेक्षानं रेकॉर्डर बंद केला होता. आणि साडेपाचची एसटी पकडायला पळाली होती.

दुसऱ्या दिवशी ती राखी मॅडमच्या समोर उभी राहिली. मॅडम स्त्री अभ्यास केंद्राच्या प्रमुख, विद्वान बाई, मनानं वाईट नव्हेत. पण चर्चासत्राच्या मांडवाचं, जेवणाचं, पाहुण्यांच्या खोल्यांचं सगळं त्यांच्या डोक्यावर होतं. त्यांनी अपेक्षाचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू भावनेच्या भरात आहेस."

"मॅडम, ती गप्प नव्हती."

"व्यापक अर्थानं गप्पच होती, अपेक्षा."

"पण ती बोलत होती. एकतीस वेळा. मीच ऐकलं नाही."

"हे बघ, पत्रिका छापून झाली. बीजभाषणात तुझ्या मौनाचा उल्लेख आहे. आता तू उभी राहून म्हणणार, की माझे कान बंद होते? याला संशोधनपद्धती नाही म्हणत." मॅडमनी फाईल पुढे ओढली. "फार तर तळटीप दे एक."

इतिहासानं बायकांना कायम तळटिपेत टाकलं, हे वाक्य मॅडमच्याच पुस्तकाच्या पहिल्या पानावर आहे. अपेक्षाच्या अगदी जिभेवर आलं. पण प्रबंध सादर करायच्या परवानगीचा कागद त्याच फाईलमध्ये होता आणि त्यावर सही व्हायची होती. ती गप्प बसली. किती सेकंद, ते कुणी मोजलं नाही.

बाहेर आल्यावर मात्र तिचं डोकं असं भणभणलं की ती सरळ बसस्थानकावर गेली आणि करडीच्या गाडीत बसली. धुरपताबाईंकडूनच सगळं नव्यानं ऐकायचं, त्यांच्या नावानिशी लिहायचं, मग बघू कोण काय छापतं ते, असं तिनं ठरवलं. उरलेली वाट ती जवळजवळ धावतच चालली.

ओसरीवर खाट होती. खाटेवर लक्ष्मणराव उशीला टेकून बसवलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं. धुरपताबाई त्यांना चमच्यानं पेज भरवत होत्या. आठ महिन्यांपूर्वी लकवा मारला, उजवं अंग गेलं आणि वाचा गेली, असं त्यांनीच सांगितलं. अपेक्षा खाटेशेजारी जमिनीवर बसली.

"आजी," ती शेवटी म्हणाली, आणि या खेपेला तोंडातून घरचीच बोली निघाली, "मी लय मोठी चूक केली. तुमी बोलून राहिल्या होत्या अना मी आयकलंच नाही."

तिनं इअरफोनचं एक टोक त्यांच्या कानात घातलं आणि फीत लावली. धुरपताबाई ऐकू लागल्या. चमचा हातात तसाच राहिला. अपेक्षा वाट पाहत होती, आता त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येईल, आता त्या चिडतील. पण बाईंचा चेहरा भलताच मऊ झाला.

"आवाज पाय याईचा," त्या म्हणाल्या. "आठ महिने झाले आयकला नोता."

मग त्यांनी पुढचंही ऐकलं. गुरवार होता, आणल्या, कोनं आणल्या ते बी सांगा. स्वतःशीच हसल्या. "हे मीच. सांगतलं होतं ना तुले."

"शेवटी तुमी म्हटलं होतं, हे बंद कर मंग सांगीन. ते आता सांगा आजी. हे मी बंद ठेवते पाहिजे तं."

"तवा मी दारापर्यंत आली तुह्या मागं. तू म्हणली, गाडी चुकते."

"चुकलं माहं. आता सांगा."

धुरपताबाईंनी पेज ढवळली, फुंकर घातली, नवऱ्याच्या तोंडाशी नेली, ओघळ पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "नाही."

"काहून?"

"तवा हे पान लावून बाहेर येनारच होते. मी बोलली असती तं याईनं मले खोटी पाडली असती, भांडले असते, ओरडले असते. आता मी काई बी सांगीन, अना हे नुसते पाहात राहतीन. मधात एक शब्द बी बोलता नाही येनार."

"पर ते खरं हाय ना?"

"खरं हाय म्हणून तं त्याईच्या तोंडावर सांगाचं होतं."

अपेक्षाला ओरडावंसं वाटलं. ज्या माणसानं आयुष्यभर हिला बोलू दिलं नाही, संप मोडायला बाया आणल्या, त्याच्या बाजूनं ही न्याय करत बसली आहे! यावर अपेक्षाकडे सहा तरी सिद्धांत होते. पण त्यातला एकही त्या ओसरीवर काढायची तिची छाती झाली नाही. लक्ष्मणराव तिच्याकडे एकटक पाहत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते लकव्यानं की आणखी कशानं, सांगता येणार नाही.

"चहा घेऊन जा," धुरपताबाई म्हणाल्या. "घाई नको करू. गाडी गेली तं दुसरी येते."

पण दुसरी गाडी नव्हती, हे दोघींनाही ठाऊक होतं. अपेक्षा चहा प्यायली आणि निघाली.

चर्चासत्राच्या आदल्या दिवशी तिनं राखी मॅडमना नवी फाईल पाठवली. मौनाची नऊ पानं काढून टाकली होती. त्या जागी एकतीस नोंदी होत्या, वेळेसकट, धुरपताबाईंच्या नावानं, जेवढी वाक्यं ऐकू आली तेवढीच, अर्धी तर अर्धी. मॅडम चिडतील, सही लांबेल, कदाचित वर्षभर लांबेल, हे तिला माहीत होतं. पाठवण्याआधी तिनं शेवटची नोंद पुन्हा वाचली.

"नोंद ३१. धुरपताबाई: हे बंद कर पोरी, मंग सांगीन."

आणि त्याखाली, केंद्राच्या सूचनांप्रमाणे कंसात, तिनं लिहिलं होतं: (संशोधिकेने बंद केले आणि ती निघून गेली.)