गाडी आली ते पान

या, जरा जवळ सरका. पांडुरंगाचं नाव घेऊन बसलोच आहोत, तर एरंडोलकडच्या ताईबाईची गोष्ट ऐका.

आपल्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीला माहेरी न्यायला भाऊ मुराळी म्हणून येतो. ताईबाई विशीतच विधवा झाली. तिनं दुसऱ्या घरी पाट लावला, तसं बापानं सांगून टाकलं, त्या दारात आपला मुराळी जाणार नाही. एकुलता भाऊ झुलाल मान खाली घालून उभा राहिला. पुढं तो धुळ्यात मास्तर झाला, त्यानं लिहिलेली कादंबरी गाजली. बाप गेला, तरी झुलाल आला नाही. ताईबाई मनाची समजूत घालायची: पुस्तकात बुडालेला माणूस, विसरला असेल. विसरलेल्यावर काय रागवायचं? एवढ्या समजुतीवर तिनं पंचावन्न वर्षं काढली.

यंदा झुलाल मास्तर वारले. त्यांची नात सुलक्षणा धुळ्याच्या देवपुरातल्या कॉलेजात तीच कादंबरी शिकवते. ती ताईबाईला भेटायला आली. कौतुकानं सांगू लागली, आजोबांनी त्या काळचा समाज हुबेहूब उतरवलाय, पाट लावलेल्या बाईला कोण काय बोलायचं तेसुद्धा. ताईबाईला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, आखाजीचं काही असेल तर वाच.

सुलक्षणानं वाचलं. बहीण सकाळीच न्हाऊन, गाठोडं बांधून ओट्यावर बसते. शेजारणींनी टोचून विचारलं, तर वाटेत बैल अडला असेल, असं सांगते. दिवस मावळतो. आंधळी सासू चाचपडत येते आणि तिच्या हातातलं गाठोडं सोडवून घेते.

ताईबाईनं ते गाठोडं ओळखलं, ते तिचंच होतं. तिची सासू आंधळीच होती. शेजारचा वना शिंपी कापडासाठी धुळ्याला जायचा, मास्तरांकडे टेकायचा. त्यानंच सांगितलं असणार.

पुढच्या पानावर बापाचा शब्द मोडून भाऊ गाडी जुंपून येतो. सुलक्षणा वाचता वाचता थांबली. म्हणाली, बघा ना आजी, किती जीव होता त्यांचा तुमच्यावर.

 ताईबाई म्हणाली, “म्हणजे त्याले बठ्ठं माहीत व्हतं.”

सगळं ठाऊक होतं, तरी भाऊ आला नव्हता. सुलक्षणानं पुस्तक मिटलं. ताईबाईला आता विसराळू भाऊसुद्धा उरला नव्हता.

मायबापहो, ती गाडी खरी कधी निघालीच नाही. ते पान वाचून तुमचे डोळे भरले, तर आमच्या ताईबाईची तेवढी आठवण ठेवा.