विळीवर तासलेला टायर

सायकलवाल्या दशरथने हातोडी उचलली, तशी ह्यांनी सायकल पोटाशी ओढून घेतली.

"काशीरामभाऊ, मागच्या दांड्या जराशा चेपल्या की टायर बसतोय," दशरथ म्हणाला.

"माझ्या बरगड्या चेप. हिला हात लावू नको."

चाळीस वर्षं झाली त्याला. संपात गिरणी गेली आणि परळची खोली सोडून आम्ही मढला आलो. ह्यांच्या हाती उरली ती गिरणीच्या संघातून शर्यती मारलेली ही सायकल. फिक्स चाकाची. चाक फिरतंय तोवर पेडलही फिरणार, पाय सैल सोडायची सोय नाही. ब्रेकही नव्हता, थांबायचं तर पायांनीच आवरायचं. त्याच सायकलीला कॅरियर लावून ह्यांनी बेकरीचे पाव पोचवायला सुरुवात केली. पण शेवटच्या पाड्याची वाट वाळूतून. बारीक टायर सुरीसारखे आत जात. दोन दिवस सायकल ढकलत हे पोचले, तोवर पाव घेणाऱ्या कोळ्यांच्या होड्या निघून गेलेल्या. सोमवारीही उशीर झाला तर ही फेरी दुसऱ्याला देणार, असं बेकरीवाल्याने सांगून टाकलं.

म्हणून रविवारी दशरथने शूटिंगवाल्यांनी बंगल्यावर टाकून दिलेल्या सायकलीची रुंद चाकं आणली. अंगभर रबरी गोट्यांचे जाड टायर. त्या रिमांत ह्यांच्या चाकांचे मधले हब बसवून त्याने तारा नव्याने ओवल्या. पुढचं चाक बसलं. मागचं सांगाड्याला घासू लागलं.

मी ओट्यावर तांदूळ निवडत बघत होते. मागचा आस ज्या खाचेत बसतो, ती चांगली बोटभर लांब होती. चाक मागे ओढा, म्हटलं. दशरथ हसला. चेन पुरायची नाही, म्हणाला.

"मग कड्या जोड. माझ्या शिलाई मशीनचा पट्टा तोकडा पडला की मी तुकडा जोडतेच की."

तो हसायचा थांबला आणि डब्यात कड्या शोधू लागला.

चाक मागे गेलं, तरी टायरच्या कडेच्या गोट्या घासतच होत्या. तेव्हा मी घरातून विळी आणली. ह्यांनी चाक धरून हळूहळू फिरवत ठेवलं आणि मी माशाचे पर काढावेत तशी एकेक गोटी उडवत गेले.

"वैनी, नीट साफ करा," दशरथ म्हणाला, "नायतर गिऱ्हाईक परत येतंय."

सोमवारी हे उन्हं चढायच्या आत परतले. टोपली रिकामी, तळाशी कागदात सहा बोंबील. होडीवर चढलेला पाड्यातला चंदू पाव घ्यायला खाली उतरला होता म्हणे. त्यानेच बोंबील दिले आणि वर विचारलं, काका, उतारावर तरी पाय थांबवा की.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, हिच्यावर बसून तसं जमत नाय रे."

बोंबील मी त्याच विळीवर चिरले. कालवणाला रबराचा वास येत होता. हे दोनदा भात घेऊन झकास म्हणाले.

जेवणानंतर त्यांनी जुन्या रिमा बारीक टायरांसकट पुसून खिळ्याला टांगल्या. एकीला बोट लावलं. ती झुलायची थांबेपर्यंत उभे राहिले, मग उद्याच्या पावांचं फडकं धुवायला घेतलं.