बत्तीस वाट्यांची टोपी

मित्रांनो, मी एक जुनी टोपी आहे. परंतु थंडीवाऱ्यापासून मी कुणाचेही रक्षण केलेले नाही. माझ्या निळ्या, ताणणाऱ्या कापडात बत्तीस भोके असून प्रत्येक भोकात एक इवलीशी वाटी बसवलेली आहे. वाट्यांत मलम भरून मला मस्तकावर चढवले, की मेंदूतील विजेची कुजबुज मी ऐकते व ती पडद्यावर रेघांच्या रूपाने उमटते. मेंदूच्या खोल गाभ्यात बदामाएवढी धोक्याची घंटा असते. तिथवर माझे कान पोहोचत नाहीत. मात्र कपाळामागे धावपळ उडाली, की ती माझ्यापासून लपत नाही.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. आयुष्य गेले नारिन गावच्या वसतिशाळेत, टोकाच्या तपासणीच्या खोलीत. तेथील मुलांचे आईबाप कुणी रशियात मजुरीला गेलेले, कुणी दारूत बुडालेले, कुणी देवाघरी. खोलीचे प्रमुख डॉक्टर इशेन यांना सारे ‘अगाय’ म्हणजे गुरुजी म्हणत. ते सांगत, “ज्या लेकरानं उपास आणि मार सोसला, त्याची घंटा लवकर वाजते. तिला आवरणारा कपाळामागचा लगाम मात्र सगळ्याच पोरांचा उशिरा तयार होतो. मग त्याला दुष्ट कसं म्हणायचं?” पाहुणे येत, मला हातात घेऊन वाखाणत. त्या काळी मला थोडा गर्वही झाला होता, हे कबूल करते.

एके दिवशी चौदा वर्षांची आयझिरेक माझ्याखाली येऊन बसली. तिने दोनदा मारामारी केली होती. आणखी एकदा हात उगारला, की तिची रवानगी दूरच्या बंदिस्त शाळेत करायची, असे शाळेच्या समितीने ठरवले होते. डॉक्टरांच्या अहवालावर सारे अवलंबून होते.

“एजे, हे मलम मेंढीच्या नाकासारखं गार आहे!” ती म्हणाली. एजे म्हणजे ताई. ही ताई म्हणजे राजधानीतून नव्याने आलेली मदतनीस, नुरजात.

“मेंढी तरी गप्प बसते गं. हलू नकोस!”

कोणत्या चेहऱ्याने ती बिथरते, हे पाहण्यासाठी समोरच्या पडद्यावर चेहरे येऊ लागले. हसरे, निर्विकार आणि रागीटही. माझ्या रेघा संथ वाहत राहिल्या. चेहरे संपल्यावर माझी नववी वाटी सैल झाली. नुरजातने मागून कंगवा घातला, गुंतलेले केस ओढून काढले आणि पायाजवळच्या कचऱ्याच्या टोपलीत टाकले.

त्याच क्षणी वादळ उठले! आयझिरेक उसळून उठली, तिने नुरजातला भिंतीवर ढकलले व मला ओरबाडून काढले. माझी एक तार तुटली. पोर नुसती रडत पळून गेली. नुरजातने कागदावर लिहिले, ‘रागीट चेहरे पाहून, विनाकारण हल्ला.’

दुपारी खोलीची झाडलोट करणाऱ्या वृद्ध बुरुल अपा, म्हणजे बुरुल आई, मला कोमट पाण्यात धुऊ लागल्या. दारात आयझिरेक येऊन उभी राहिली.

“आत ये की. दार उघडं ठेवून माझं पाणी थंड करतेस!”

“अपा, कचरा टाकलात?”

“टाकला. पण केस काढून घेतलेत. टोपीतलेसुद्धा.” अपांनी खिशातून कागदाची पुडी काढली. “केस पायाखाली आले, की डोकं दुखतं म्हणतात. सगळ्या पोरांचे मी वेगळे काढते आणि मातीत पुरते.”

आयझिरेकने पुडी छातीशी धरली. “आजी मरताना म्हणाली होती, केस कुणाच्या पायाखाली जाऊ देऊ नकोस. तिचं माझ्यापाशी एवढंच उरलंय.”

हे सारे डॉक्टरांनी पलीकडून ऐकले. त्यांनी नुरजातला बोलावून माझ्या रेघा पुढ्यात पसरल्या.

“चेहरे संपले विसाव्या मिनिटाला. वादळ चोविसाव्याला. मध्ये काय केलंस?”

“केस विंचरले, अगाय... आणि टाकून दिले. आमच्या घरी तसंच करतात.”

“शहरात आज्यांचा तुटवडा आहे वाटतं!” अपा मला धुता धुता म्हणाल्या.

नुरजात लाजली, मग तीच आधी हसली. आयझिरेकजवळ जाऊन म्हणाली, “चुकलं गं माझं. पण खांदा अजून ठणकतोय, बरं का!”

“ढकलायला नको होतं, एजे,” पोर पुटपुटली.

डॉक्टरांनी ‘विनाकारण’ हा शब्द खोडला व कारण सविस्तर लिहिले. समितीने ते दोनदा वाचले. आयझिरेक शाळेतच राहिली. पुढे तिने कधीच भांडण केले नाही, असे खोटे मी सांगणार नाही. परंतु संताप आला की ती अपांकडे येऊन मला धुऊ लागे. तेव्हा तिचे हात किती हळुवार असत!

आता नवी टोपी आली आहे व मी पेटीत विसावले आहे. खंत नाही. खोलीत आजही खुर्चीशेजारी केसांसाठी कागदाच्या पुड्या ठेवलेल्या असतात. माझ्या नवव्या वाटीत आयझिरेकचा एक केस राहून गेला आहे. अपांच्याही नजरेतून निसटलेला.

मित्रांनो, एखादे डोके तापलेले दिसले, तर त्याला नावे ठेवण्याआधी क्षणभर आपल्या पायाखाली पाहावे. एवढीच या जुन्या टोपीची विनंती. तो एक केस मी जपून ठेवला आहे.