दार लोंबले, बदनाम मी

मित्रांनो, मी एक जुने कुलूप आहे आणि मी रागावलेलो आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर दचकू नका.

मी कडीला लटकणारे कुलूप नव्हे, दाराच्या जाडीत बसणारे. कारखान्यात माझ्या पोटात पितळी पिना बसवल्या, प्रत्येकीवर एक बारीक स्प्रिंग. योग्य किल्ली आत आली की सगळ्या पिना एका रेषेत येतात, किल्ली फिरते आणि माझी पोलादी जीभ चौकटीतल्या खाचेत शिरते. ती खाच जिभेपेक्षा जेमतेम नखभर मोठी असते. हे लक्षात ठेवा, सगळे भांडण त्या नखभर जागेचे आहे.

मला एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, झोपायच्या खोलीच्या दारात बसवले. सुरुवातीला माझे कोण कौतुक! बाबा पाहुण्यांसमोर किल्ली फिरवून विचारत, "ऐका, आवाज तरी येतोय का?"

मग या घराने दाराचे कपाट केले. दारामागे खुंट्या ठोकल्या. त्यांवर बाबांची बॅग, काकाचा रेनकोट, ओले टॉवेल आणि एक भलीमोठी पिशवी, जिच्यात फक्त पिशव्याच होत्या. शिवाय घरातली चार वर्षांची ठमी दाराच्या मुठीला लोंबकळून झोके घ्यायची. दार एकाच बाजूने टांगलेले असते. त्याच्या मोकळ्या बाजूला भार पडला की वरची बिजागरी चौकटीतून ओढली जाते. तिचे स्क्रू सैल झाले, दार झुकले आणि माझी जीभ खाचेच्या खालच्या काठावर घासू लागली.

दोष कोणाचा? पिशव्यांचा? छे! "कुलूप अडतंय," बाबा म्हणाले आणि माझ्या तोंडात स्वयंपाकाचे तेल ओतले. तेलावर धूळ बसली, चिकटा झाला आणि ठणठणीत पिनाही जड झाल्या. दुखणे म्हशीला आणि औषध पखालीला!

आई मात्र दार लावताना मूठ किंचित वर उचलायची. तिच्या हाताला ते कळले होते, तिला स्वतःला नाही.

एका दुपारी आई त्या खोलीत इस्त्री करत होती. दाराला लागून असलेल्या टेबलावर इस्त्री उभी ठेवून ती वाळलेले कपडे आणायला बाहेर गेली. तेवढ्यात ठमीने आतून दार लोटले आणि माझा खटका फिरवला. माझी जीभ घासत घासत खाचेत गेली आणि तिथेच रुतली.

"आई, उघडत नाहीये!"

"अगं बाई! आत इस्त्री तापलीये!"

काकाने धावत जाऊन मेन स्विच बंद केला. पण तापलेले लोखंड लगेच थोडेच गार होते?

"ठमे, पलंगावर चढून बस," आई ओरडली. "हलायचं नाही. मला शंभरपर्यंत आकडे म्हणून दाखव."

"मला वीसच येतात."

"मग वीसच म्हण. पुन्हा पुन्हा म्हण!"

बाबांनी किल्ली पिळली, ती वाकली. मग त्यांनी दाराला खांदे मारले. प्रत्येक धक्क्याने माझी जीभ आणखी रुतत होती.

"भंगार कुलूप! हातोडी आण रे."

"बाजूला हो, दादा. एका दणक्यात थोबाड फोडतो याचं," काका म्हणाला.

माझे थोबाड! मूठ तुटली असती, किल्लीचे भोक चेपले असते, जीभ मात्र तिथेच राहिली असती. मग कुठली किल्ली चालली असती?

आतून आवाज आला, "अठरा, एकोणीस... आई, बाबांच्या शर्टाला वास येतोय."

धक्क्यांनी इस्त्री शर्टावर आडवी झाली होती.

"ती हातोडी ठेव आधी!" आईने काकाला ढकलले, दोन्ही हातांनी मूठ धरली आणि रोजच्यासारखेच दार वर उचलले. "अहो, आता फिरवा!"

वाकलेली किल्ली फिरली. माझी जीभ सुळकन आत आली. ठमी पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. शर्टावर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग पडला होता.

बक्षीस म्हणून मला काय मिळाले? संध्याकाळी मला उचकटून खणात टाकले. माझ्या जागी चकचकीत नवे कुलूप आले. थोड्याच दिवसांत तेही अडले.

"हेही भंगारच निघालं!" बाबा ओरडले.

"अहो, दार लोंबलंय. त्या दिवशी मी उचललं म्हणूनच उघडलं ना?" आई म्हणाली. "आधी त्या पिशव्या उतरवा."

पिशव्या उतरल्या. वरच्या बिजागरीला लांब स्क्रू लागले. ठमीचे झोके बंद झाले. नव्या कुलपात किल्ली अलगद फिरली आणि बाबा खूश झाले. "बघ, नवं ते नवंच! जुनं भंगारच होतं."

ऐकलेत, मित्रांनो? दुरुस्त झाली बिजागरी, कौतुक कुलपाचे!

म्हणून विनवतो, दार अडले तर आधी ते जरा उचलून पाहा. बिजागरीचे स्क्रू आवळा. किल्ली जड फिरत असेल तर पेन्सिलीच्या शिशाची पूड घाला, तेल नको. हातोडीला हात घालायच्या आधी आत कोण आहे ते आठवा. माझी माफी कोणी मागितली नाही तरी चालेल, पण दारामागे ओझी टांगू नका.

काल खणात पडल्या पडल्या मला बाबांचा आवाज आला, "राहू दे गं एक पिशवी खुंटीला. रिकामीच तर आहे."