खांद्यावरच्या सात कड्या

मी एक जुने चिलखत आहे. लोखंडी कड्या एकमेकींत गुंफून केलेला सदराच म्हणा ना. लढाईला जाणारा माणूस मला अंगात घाली, म्हणजे तलवारीचा वार कातडीपर्यंत पोचत नसे. आता मी संग्रहालयाच्या शस्त्रदालनात काचेच्या पेटीत असते. मित्रांनो, इतके वार झेललेले मी, म्हणजे मोठे धीराचे असेन असे तुम्हाला वाटेल. छे! माझ्याइतके काळजीखोर चिलखत शोधून सापडायचे नाही. ज्याच्या अंगात वीस हजार कड्या, त्याला वीस हजार ठिकाणी धाकधूक.

मला घडवणारा लोहार तार ओढायचा, ती सळईभोवती गुंडाळून कड्या कापायचा, एक कडी चार कड्यांत अडकवायचा आणि तिच्या तोंडावर सुईएवढा खिळा ठोकायचा. त्याला सव्वा वर्ष लागले. त्याची बायको रोज काम आवरताना त्या दिवसाचा भाग दोन्ही हातांनी ओढून बघे आणि दोन-चार कड्यांवर बोट ठेवी. "या ढिल्या आहेत. कुणाच्या तरी लेकाच्या छातीवर जायचंय हे," ती म्हणे. लोहार कुरकुरे, पण पुन्हा ठोके.

मग मी एका शिपायाकडे गेले. तो माझ्यावरून कमरेला रुंद पट्टा आवळी. त्यामुळे माझे निम्मे वजन कमरेवर जाई आणि खांदे मोकळे राहत. काढले की मला सपाट पसरून ठेवी. गंज चढला तर वाळूच्या पिंपात घालून ते पिंप अंगणात लोळवी. एकदा भाल्याने माझ्या तीन कड्या तुटल्या, पण त्याची बरगडी शाबूत राहिली. त्या दिवशी तो माझ्याशेजारी बसून लहान मुलासारखा रडला. मलाही कृतार्थ वाटले, खोटे कशाला बोलू?

तो गेला आणि मी त्याच्या घरच्या माळ्यावर पोत्यात जाऊन पडले. कितीतरी पिढ्या गेल्या. उंदरांनी पट्टा खाल्ला. शेवटी त्याच्या वंशातल्या कुणीतरी घर रिकामे करताना मला संग्रहालयात आणून दिले.

इथे माझे काय कौतुक झाले! पण कौतुकाच्या भरात एक चूक झाली. माझ्या दोन्ही बाह्यांतून आडवा दांडा घातला आणि बुजगावण्यासारखे मला उभे टांगले. म्हणजे लोकांना सगळे नीट दिसावे. पट्टा नव्हताच. अकरा किलोंचा सगळा भार आला दोन खांद्यांवर, आणि तो रात्रंदिवस. शिपाई निदान मला काढून तरी ठेवायचा.

दालनाच्या दाराशी स्टुलावर एक मावशी बसायच्या. पन्नाशी उलटलेली, निळा गणवेश, मांडीवर लोकरीची पिशवी. गर्दी नसली की त्या विणत. नोकरी वर्षाच्या कराराची होती आणि घरात कमावत्या त्या एकट्याच.

एका दुपारी माझ्या डाव्या खांद्यावरची एक कडी ताणून ताणून उघडली आणि पेटीत पडली. टिंग! मावशींनी सुया थांबवल्या. उठून आल्या, काचेला नाक लावून पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. कारण दालनात काही तुटले तर जाब राखणाऱ्याने द्यायचा, अशी इथली रीत. त्यांच्याआधीच्या बाई एका फुटलेल्या काचेपायी घरी गेल्या होत्या. पेटी पुसायचा दिवस आला तेव्हा मावशींनी ती कडी उचलली आणि बटणांच्या डबीत टाकली.

पुढच्या महिन्यात दुसरी पडली. मग तिसरी. मावशी माझ्याजवळ येऊन पुटपुटायच्या, "धरून ठेव रे बाबा, अजून थोडं धरून ठेव." मी काय धरणार? एक कडी गेली की तिचा भार शेजारणीवर येतो. दर सकाळी दार उघडले की त्या आधी माझ्याकडे बघत आणि मी त्यांच्याकडे. दोघांच्याही जिवाला घोर. त्यांच्या विणकामात टाके सुटू लागले, मी पाहत होते.

सातवी कडी पडली तेव्हा खांद्यावर चार बोटे शिरतील एवढी फट पडली. आता सगळा खांदाच फाटणार, हे मावशींनी ओळखले. मग सरळ जाऊन संग्रह सांभाळणाऱ्या क्युरेटर मॅडमना घेऊन आल्या.

"मॅडम, हे खाली घ्या. टांगायची वस्तू नाही ही."

"का बरं?"

"जड स्वेटर ओला असताना दांडीवर टाकला की खांदे उतरतात. तो आडवाच वाळवायचा असतो. हीसुद्धा वीणच आहे, लोखंडाची." मावशींनी डबी उघडली. "आणि या सात कड्या. मी ठेवल्या होत्या."

"पहिली कधी पडली?"

"सात महिने झाले."

"इतके दिवस काय करत होतात?"

सात महिने मावशींना भीती होती ती याच प्रश्नाची. मला ओरडून सांगावेसे वाटले, अहो, त्या सांगायला आल्या म्हणून मी फाटले नाही! पण लोखंडाला कुठले तोंड?

त्याच दिवशी मला उतरवले. आता मी मऊ गादीवर आडवे असते, सातही कड्या परत जागेवर आहेत आणि खांदे अजिबात दुखत नाहीत. मॅडम पाहुण्यांना कौतुकाने सांगतात, "ही वीणच आहे, लोखंडाची." पाहुणे माना डोलावतात. मावशींचा करार मात्र वाढवला नाही. माझा जीव वाचला आणि त्यांची भाकरी गेली, हे माझ्या मनातून जात नाही.

आता स्टुलावर मिशीवाले काका बसतात. माणूस सज्जन आहे. मावशींचे काय झाले हे त्यांना ठाऊक आहे.

समोरच्या भिंतीवर एक मोठी ढाल आहे. परवा ती जिच्यावर टांगली आहे त्या चामडी वादीचा एक खिळा निसटून फरशीवर पडला. काकांनी तो पाहिला. दाराकडे पाहिले. मग बुटाच्या टोकाने तो हळूच माझ्या पेटीखाली सारला आणि जागेवर जाऊन बसले. ढाल तेव्हापासून किंचित तिरकी दिसते आहे. आणि मित्रांनो, तिच्या बरोबर खाली तुमच्या शाळेची रांग उभी असते.

म्हणून सांगते. तुमच्याकडे कुणी मोडलेली वस्तू घेऊन आले तर आधी ती वस्तू हातात घ्या. उशीर का केला, हे मग विचारा. आणि इथे आलात की भिंतीपासून लांब उभे राहा. माझ्या पेटीखाली वाकून बघा, खिळा तिथेच आहे. तो मॅडमना नेऊन द्या. कुठे सापडला ते सांगा आणि तिरकी झालेली ढाल दाखवा. काकांनी तो आधी पाहिला होता, एवढे मात्र सांगू नका.