माझी माणसं ट्रेलरनं पळवली

मी जाड कापडाचा तंबू बोलतोय. आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव जळका आहे.

एल्डन आणि जोलीन रॅस्मुसन यांनी मला लग्नाच्या दुसऱ्या वर्षी घेतलं. तेव्हापासून सव्वीस हिवाळे, दर नोव्हेंबरात, आम्ही अमेरिकेतल्या मॉन्टानाच्या डोंगरात एल्क जातीच्या मोठ्या हरणांच्या शिकारीला जात होतो. माझ्या मधोमध लोखंडी शेगडी, तिचं धुराडं छपरातून बाहेर, घोडे झाडांना बांधलेले. दोघं माझ्या पोटात भांडली, हसली. एकदा तर बर्फात अडकून चार दिवस पत्ते खेळली.

घोडे न्यायचा, गाडीमागं ओढायचा ट्रेलर तेव्हाही होता. पण त्याची मजल रस्ता संपेपर्यंत. लिदीचा वास मारणारा पत्र्याचा डबा तो! त्याच्याकडे मी कधी ढुंकूनही पाहिलं नाही.

मग जोलीनला संधिवातानं धरलं. गेल्या वर्षी सकाळी अंथरुणात उठून बसायलाच तिला अर्धा तास लागला. डॉक्टरांनी बजावलं, थंड जमिनीवर झोपणं बंद.

"मग यंदा तू एकटाच जा," ती म्हणाली.

एल्डन दुसऱ्या दिवशी थंडी अडवणारे फोमचे तक्ते घेऊन आला.

तबेल्याच्या माळ्यावरून मला सगळं दिसत होतं. त्यानं ट्रेलर घासून धुतला, भिंतीच्या पत्र्यातल्या खाचा मोजल्या, एकेक तक्ता कापून बसवला. जिथं फट दिसेल तिथं फुगणारा फेस भरला. वरून प्लायवूड ठोकलं. माझ्या छपराला भोक पडलं तेव्हा ठिगळ लावायला याच माणसानं तीन वर्षं घेतली होती!

"अरे, ट्रेलर करतोयस की नवरी सजवतोयस?" जोलीन दारातून म्हणाली.

"तुझ्या गुडघ्यांची बडदास्त ठेवतोय."

"आणि माझी पावाची सुरी कुठाय?"

"फोम फार सुरेख कापते गं ती."

ती हसली. मी माळ्यावर धुमसत राहिलो.

नोव्हेंबरात मलाही नेलं, पण कशाला? गवताचे गठ्ठे झाकायला.

पहिल्या सकाळी जोलीन ट्रेलरमधून उतरली ती ओल्या केसांनी. सगळं इतकं बंदिस्त केलेलं की दोघांच्या श्वासाचं पाणी होऊन रात्रभर छतावरून ठिबकत होतं. गोधडी पिळून काढावी लागली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! भिंतींना श्वास घेता यायला हवा, ही अक्कल त्या डब्याला कुठली?

"चल, घरी जाऊ," जोलीन म्हणाली. "संपलं हे आपलं. खूप वर्षं केलं."

ती लाकडावर बसून बोटं चोळत होती. डोळे भरलेले. माझा आनंद तिथल्या तिथे विरला.

"एक दिवस दे," एल्डन म्हणाला. त्यानं करवत घेतली, छताला झरोका पाडला, भिंतीत खाली दुसरा.

दुसऱ्या सकाळी ती कोरडी उतरली. कशाचाही आधार न घेता. आणि कॉफीची किटली तिनं स्वतः उचलली. गेल्या तीन वर्षांत माझ्या पोटातून ती अशी कधी बाहेर पडली नव्हती. हे कबूल करणं मला अजून जड जातं.

"घोडे चढवायच्या मोठ्या दारातून तेवढा गारठा येतो," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग कात्री मागितली.

"त्याला नको. सव्वीस वर्षांचा आहे तो."

"म्हणूनच. माळ्यावर उंदरांना घालायचाय का? तू फक्त धर."

एल्डननं माझी कड धरली, तोंड फिरवून. जोलीननं माझी एक भिंत कापली.

आता मी त्यांच्या बिछान्याच्या आणि त्या दाराच्या मध्ये पडदा होऊन लटकतो. गारठा आधी मला भेटतो, पहाटे माझ्या अंगावर बर्फाची बारीक भुकटी असते. शेजारच्या तळावरचे लोक येतात, "काय उबदार फोम लावलाय!" म्हणतात. माझं नाव कुणी काढत नाही. अजून जळतो मी.

पण एक आहे. तो फोम कायमचा प्लायवूडमागे गेला. मला मात्र रोज सकाळी हातानं बाजूला सारल्याशिवाय त्यांना बाहेर पडता येत नाही. आणि पहिला हात जोलीनचा असतो.