वाकडं बसलेलं सील

पन्नाशी उलटली तरी त्याला सगळे धाकटे मिस्त्रीच म्हणत. थोरले मिस्त्री म्हणजे त्याचा दादा. एकेकाळी दोघांचं गॅरेज एकच होतं. पण गिअरबॉक्स उतरवायची वेळ आली की दादा म्हणायचा, "तू बाजूला हो. तुझा हात घाईचा आहे." हेच एकदा तो गिऱ्हाइकासमोर म्हणाला, आणि धाकट्याने आपले पाने गोळा करून दोन गल्ल्या सोडून वेगळी चूल मांडली. भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं. समोरासमोर आले की "बरं आहे ना?" "बरं आहे," एवढ्यावर निभावत होतं.

त्या दुपारी धाकट्याची पाठ धरली होती. काम आवरतं घ्यावं अशा विचारात तो होता, तेवढ्यात बेकरीवाल्या बाईंची गाडी दारात येऊन थांबली. बुटकी, दोनच सीटची, जमिनीला पोट टेकेल अशी गाडी. बाईंनी अर्धं आयुष्य पावाची व्हॅन चालवली होती. मुलं मार्गी लागल्यावर त्यांनी स्वतःसाठी म्हणून ही एकच हौस केली होती. पहाटेपासून भट्टीपुढे उभ्या राहिल्यामुळे डोळे ओढले होते आणि कोपराला पीठ तसंच होतं.

"आवाज नुसता मोठा करते, पळत मात्र नाही," त्या म्हणाल्या. "क्लच तर नवा आहे. परवापरवाच तुमच्या दादांनी बदलला. आधी त्यांच्याकडेच गेले होते, पण शटर खाली होतं."

"बघू या."

"आमच्या घरातून रोज ऐकते, माझा पाय म्हणे सारखा क्लचवर असतो. व्हॅनची सवय. माझ्यामुळे जळला असेल तर तसं तोंडावर सांगा."

त्याने आधी पेडल हाताने दाबून पाहिलं. सुरुवातीची ढील जेवढी हवी तेवढी होती. मग बाईंनाच चालवायला सांगून तो शेजारी बसला. गॅरेजजवळून गावाबाहेर जाणाऱ्या चढावर त्याने चौथा गिअर टाकायला लावला आणि म्हणाला, "आता दाबा." इंजिन खवळलं, काटा सरसर वर गेला, आणि गाडी मात्र होती त्याच चालीने रखडत राहिली. काचा खाली असूनही जळका वास नाकात भरला. क्लच स्लिप होत होता, यात शंका नव्हती. बाईंचा डावा पाय पेडलपासून लांब, आपल्या जागी होता. पण शेजारी मिस्त्री बसल्यावर कोणाचाही पाय शहाणाच होतो, म्हणून तो काही बोलला नाही.

"ठेवून जा," तो म्हणाला. "उघडल्याशिवाय खरं कळायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गाडी वर घेतली. एवढ्याशा पोटात एवढं मोठं इंजिन कोंबलेलं, पान्याला फिरायला जागा नाही. खांदा वर, मान तिरकी, आणि कमरेतून कळ. एकेक बोल्ट काढताना वाटे, हे काम आता आपल्या वयाचं राहिलेलं नाही. जॅकवर गिअरबॉक्स उतरवला तेव्हा दुपार कलली होती, आणि तो तिथेच पुठ्ठ्यावर आडवा झाला. वर पाहतो तर इंजिनाच्या टोकाच्या जड चकतीच्या, फ्लायव्हीलच्या, खालून तेलाचा ओघळ.

त्याने प्रेशर प्लेट सोडवून क्लच प्लेट हातात घेतली. पायाने जाळलेली प्लेट झिजून कागदासारखी होते. ही चांगली जाडजूड होती, नुसती तेलाने माखून काळी, काचेसारखी गुळगुळीत झालेली. बाईंच्या पायाचा यात काडीचा दोष नव्हता. तेल बोटावर चोळून त्याने हुंगलं. गिअरबॉक्सचं नव्हे, इंजिनचं. मग फ्लायव्हीलही काढलं. मागे इंजिनाचं तेल अडवणारं ऑइल सील होतं, क्लचबरोबरच बदललेलं, नवंकोरं. एका बाजूने नीट बसलेलं, दुसऱ्या बाजूने वाकडं आत गेलेलं, आणि त्याची रबरी कड दुमडलेली.

असलं काम दादाचं? दोन्ही अंगठ्यांनी चारी बाजूंनी सारखं दाबत सील कसं बसवायचं, हे त्याला दादानेच शिकवलं होतं. इतकी वर्षं जे ऐकलं त्याची परतफेड आज आयती हातात आली होती. पण त्याला कसलाच आनंद होईना. पाठ तेवढी दुखत होती.

गप्प बसावं तर झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मग ठपका बाईंच्या पायावर राहणार आणि घरी त्यांना जन्मभर ऐकून घ्यावं लागणार. बोलावं तर दादाचं नाव जाणार. संध्याकाळी हात धुऊन तो सील खिशात टाकून दादाच्या घरी गेला.

दार वहिनीने उघडलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं, आणि सुटल्यासारखंही काहीतरी. दादा स्वयंपाकघरात बसला होता. चहाचा कप डाव्या हातात, उजवा हात मांडीवर, कोणी विसरून गेलेल्या वस्तूसारखा.

"बरं आहे ना?" दादाने विचारलं.

धाकट्याने सील टेबलावर ठेवलं. दादाने कप खाली ठेवून ते डाव्या हाताने उलटून पाहिलं.

"बेकरीवाल्या बाईंची?"

"हो."

"तरीच. त्या दिवशी बसवताना वाटलं, बसलं. बोटांना कळतच नाही रे हल्ली. दोन बोटं तर माझी नाहीतच असं वाटतं. जॅक सुटला, पाना पडला, म्हटलं वय झालं."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"सदऱ्याची बटणं मी लावते," चुलीपाशी उभी वहिनी म्हणाली. "डॉक्टरचं नाव काढलं की घरात दोन दिवस अबोला."

"मिस्त्रीचा हात गेला हे एकदा बाहेर पडलं की मागे काय उरतं?" दादा हळूच म्हणाला.

धाकटा म्हणाला, "बाईंना घरी बोलणी बसताहेत. त्यांचा पाय चांगला आहे. एवढं तरी कोणीतरी सांगायला हवं. मी सांगणार नाही. तू ठरव."

वहिनीने जेवायला थांबायला सांगितलं, पण पाठ टेकल्याशिवाय धाकट्याला काही सुचणार नव्हतं.

फ्लायव्हील लेथवाल्याकडून घासून आलं त्या सकाळी दादा पायीच येऊन दारात उभा राहिला. त्याने एक स्टूल ओढलं. धाकट्याने नवं सील बसवायला घेतलं, तसा दादा म्हणाला, "वरून जरा. आता डावीकडे. आता बोट फिरव. कुठे लागतंय?"

"नाही लागत."

"मग बसलं."

नवी क्लच प्लेट मधोमध धरून धाकट्याने प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. गिअरबॉक्स वर चढवताना मात्र दोघांचीही दमछाक झाली. दादाने डावा खांदा खाली लावला, धाकटा कण्हत बोल्ट शोधत राहिला. मध्येच दादा म्हणाला, "तुझा हात घाईचा नाही. कधी नव्हता." धाकट्याच्या दातात बोल्ट होता. तो नुसता हुंकारला.

दुपारी बाई भट्टी आवरून आल्या. दादा स्टुलावरून उठला.

"चूक माझी होती, बाई. सील वाकडं बसवलं, त्यातून तेल गळून क्लच खराब झाला. तुमच्या पायाचा काही संबंध नाही. घरी हवं तर मी येऊन सांगतो."

बाईंनी त्याच्या लोंबणाऱ्या हाताकडे पाहिलं. रागवायचंही त्राण त्यांच्यात नसावं.

"नको," त्या म्हणाल्या. "घरी सांगायची मजा मलाच घेऊ द्या."

त्यांनी दादालाच शेजारी बसवून चढावर नेलं. धाकटा दारात चौकटीला टेकून ऐकत राहिला. चौथ्या गिअरात इंजिनाचा आवाज चढला, आणि आवाजाबरोबर गाडीही चढली.

दादाला परत दारात सोडून बाई गेल्यावर तो पुन्हा स्टुलावर बसला. "परवा दवाखान्यात जायचं म्हणतोय. तू चल बरोबर. डॉक्टर बोलतील ते तुझ्या वहिनीला सगळं कळेल, पण मला ती निम्मंच सांगेल."

"येतो," धाकटा म्हणाला, आणि पुठ्ठा अंथरून जमिनीवर सरळ आडवा झाला. दादाने उठून डाव्या हाताने शटर अर्धं खाली ओढलं, म्हणजे ऊन धाकट्याच्या तोंडावर येणार नाही, आणि जमिनीवर पसरलेले पाने एकेक करून जागेवर लावू लागला.